ताप नेमका कधी आला?

पहिले दोन महिने मी फक्त तारखा उतरवत होते. सूक्ष्मजीवशास्त्रात एमडी करताना प्रबंधासाठी मी विषय घेतला होता, रुग्णालयात दाखल रुग्णांमधला ॲडेनोव्हायरसचा श्वसनसंसर्ग. तो कोणत्या वयात जास्त दिसतो, कोणत्या महिन्यांत वाढतो, किती जणांना अतिदक्षता विभागात न्यावं लागतं, आणि त्यातल्या किती जणांना तो रुग्णालयात आल्यावर होतो. हा शेवटचा प्रश्न मी आराखड्यात एका ओळीत लिहून टाकला होता. पुढचं दीड वर्ष मी त्या एका ओळीशी झगडत होते.

विषय सुचला तो एका बाळामुळे. चौदा महिन्यांचं होतं. सहा दिवस ताप उतरत नव्हता, टॉन्सिलवर पांढरा थर, पांढऱ्या पेशी वाढलेल्या, सीआरपी (रक्तातली सूज दाखवणारी तपासणी) बराच चढलेला. हे सगळं जिवाणूंच्या संसर्गासारखं दिसतं, त्यामुळे तिसरं अँटिबायोटिक चालू झालं होतं. ब्लड कल्चरमध्ये काहीच वाढत नव्हतं. शेवटी नाकाघशाच्या स्वॅबची पीसीआर, म्हणजे विषाणूचा जनुकीय अंश शोधणारी तपासणी, झाली आणि ॲडेनोव्हायरस निघाला. सर्दी-खोकल्याच्या बहुतेक विषाणूंमध्ये सीआरपी एवढा वर जात नाही, ॲडेनोमध्ये जातो. डॉक्टरांची फसगत इथेच होते. रिपोर्ट मी फोनवर सांगून न थांबता स्वतः वॉर्डात घेऊन गेले. बाळाच्या दोन्ही हातांवर सलाइनच्या सुयांच्या निळ्या खुणा होत्या, नवी शीर मिळेना म्हणून सिस्टर पायावर शोधत होत्या. अँटिबायोटिक बंद झालं आणि ताप त्याच्या वेळेने उतरला. ही तपासणी पहिल्या दिवशी झाली असती तर त्यातल्या कितीतरी सुया वाचल्या असत्या, हे माझ्या मनातून गेलं नाही. दुसऱ्याच दिवशी मी माझ्या मार्गदर्शक मॅडमकडे विषय मांडला.

नैतिकता समितीची परवानगी, पालकांचं संमतिपत्र, नमुन्यांचे क्रमांक, ही कामं वेळ खातात, पण त्यात सांगण्यासारखं फार नाही. स्वॅब घेणं मात्र शिकावं लागलं. नाकपुडीतून सरळ मागे, कानाच्या पाळीच्या रेषेपर्यंत काडी जायला हवी. ती वरच्या दिशेला गेली की मूल कळवळतं आणि नमुनाही नीट येत नाही. मूल आईच्या मांडीवर, तिचा एक हात त्याच्या कपाळावर, दुसरा छातीवरून. मी प्रत्येक आईला आधी सांगायचे की दहा सेकंद लागतील, आणि मनात खरोखर दहा आकडे मोजायचे. नमुना विषाणू-वाहक द्रवात, थंड डब्यातून प्रयोगशाळेत, एक भाग लगेच तपासायला आणि एक भाग उणे ८० अंशांच्या फ्रीजरमध्ये. तो राखून ठेवलेला भाग पुढे फार कामी आला.

आता तारखांबद्दल. माझ्या तक्त्यात प्रत्येक रुग्णापुढे तीन तारखांचे रकाने होते: लक्षणं सुरू झाल्याची, दाखल झाल्याची आणि नमुना घेतल्याची. दाखल झाल्याची तारीख केस पेपरच्या पहिल्या पानावर असते. नमुन्याची आमच्या रजिस्टरमध्ये. लक्षणांची तारीख मात्र बहुतेक ठिकाणी नव्हतीच. ‘चार-पाच दिवसांपासून ताप’, ‘सर्दी खोकला बरेच दिवस’, असं लिहिलेलं. आणि जे मूल दुसऱ्याच आजारासाठी दाखल झालं आणि ज्याला वॉर्डात खोकला सुरू झाला, त्याच्या बाबतीत तर कुठेच स्वतंत्र नोंद नाही. मग नर्सिंगच्या तापमानाच्या तक्त्यावर बोट ठेवून मागे मागे जायचं, रेषा पहिल्यांदा कुठे उसळली ते पाहायचं. रेकॉर्ड रूममध्ये बसून मी असे शेकडो तक्ते पाहिले. कधी रात्रपाळीच्या सिस्टरने कोपऱ्यात ‘नाक वाहते आहे’ एवढंच लिहिलेलं असायचं. त्या तीन शब्दांसाठी मला त्या अनोळखी सिस्टरचे हात हातात घेऊन आभार मानावेसे वाटायचे.

पहिला मसुदा मी घाईने केला. रुग्णालयात जडलेला संसर्ग म्हणजे दाखल झाल्यानंतर ४८ तासांनी दिसलेला, ही व्याख्या जिवाणूंच्या बाबतीत आम्ही रोज वापरतो. मी तीच लावली. निम्म्याच्या आसपास रुग्ण ‘रुग्णालयात जडलेले’ या रकान्यात जाऊन बसले. तो आकडा पाहून मी घाबरलेच. मॅडमनी पान वाचलं, चष्मा काढला आणि एकच प्रश्न विचारला.

“अगं, हा विषाणू अंगात शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत किती दिवस घेतो?”

उत्तर मला पाठ होतं. दोन ते चौदा दिवस, बहुतेकदा पाच-सहा.

“मग तिसऱ्या दिवशी शिंकायला लागलेलं मूल तो विषाणू आपल्याकडून घेऊन शिंकतंय, हे तू कशावरून म्हणतेस?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. इन्फ्लुएन्झाचा अधिशयन काळ, म्हणजे लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंतचा काळ, एक ते चार दिवसांचा असतो, तिथे दाखल झाल्यानंतरचे काही दिवस सोडले की बऱ्यापैकी खात्रीने बोलता येतं. ॲडेनोमध्ये तसं नाही. मूल घरून विषाणू घेऊन येईल, आठ दिवस दुसऱ्याच उपचारांसाठी वॉर्डात राहील आणि नवव्या दिवशी तापेल. मी सगळा तक्ता पुन्हा लावला. लक्षणं दाखल होण्याआधी किंवा पहिल्या दोन दिवसांत सुरू झाली असतील तर बाहेरून आलेला. सलग चौदा दिवसांपेक्षा जास्त मुक्काम झाल्यावर सुरू झाली असतील तर रुग्णालयातला. मधले सगळे अनिश्चित. नव्या तक्त्यात मधला रकाना सर्वात लठ्ठ झाला. सुरुवातीला मला त्याची लाज वाटली, दीड वर्ष मेहनत करून हाताशी काय, तर ‘सांगता येत नाही’. आता मला तो रकाना सगळ्या प्रबंधातला सर्वात प्रामाणिक भाग वाटतो. त्याची फोड करायची तर वॉर्डात त्या काळात आणखी कोण आजारी होतं आणि विषाणूच्या अनेक प्रकारांपैकी कोणता फिरत होता हे पाहावं लागतं. नुसत्या तारखा तिथे पुरत नाहीत.

आकड्यांनी मला आणखी एका ठिकाणी चकवलं. एका महिन्यात पॉझिटिव्ह नमुने अचानक वाढले. आलेख तयार केला, शिखर दिसलं, मी साथ आली म्हणून धावत गेले. चौकशीत कळलं की त्याच महिन्यात बालरोग विभागाने एकाच वेळी अनेक विषाणू तपासणारा नवा पीसीआर संच वापरायला घेतला होता. आधी फक्त न्यूमोनियाच्या मुलांचे स्वॅब यायचे, आता तापाच्या प्रत्येक मुलाचे येऊ लागले. तपासण्या वाढल्या म्हणून सापडणं वाढलं. तेव्हापासून मी अंशाआधी छेद पाहते, म्हणजे किती सापडले त्याआधी किती तपासले. शंभर तपासण्यांमागे किती, आणि शंभर दाखल रुग्णांमागे किती, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली सांगते की तपासायला पाठवलेल्यांत विषाणू किती आहे. दुसरी सांगायला हवी की वॉर्डात किती आहे, पण न तपासलेल्यांबद्दल ती मुकीच राहते.

मोठ्या माणसांच्या बाबतीत तर छेद जवळजवळ नव्हताच. पाठ्यपुस्तकांत लिहिलेलं असतं की मुलांच्या श्वसनसंसर्गांपैकी साधारण ५ ते १० टक्क्यांमागे ॲडेनोव्हायरस असतो आणि प्रौढांत १ ते ७ टक्क्यांमागे. आमच्याकडे प्रौढांचा ॲडेनोचा स्वॅब कुणी पाठवतच नसे, म्हणून आमच्या तक्त्यात प्रौढांना हा आजार जणू होतच नव्हता. मी औषधवैद्यक विभागात जाऊन विनंती केली. कारण न सापडलेल्या न्यूमोनियाचे, व्हेंटिलेटरवरचे काही नमुने मिळाले आणि त्यांतही तो निघाला. किती टक्के, ते इथे सांगण्यात अर्थ नाही, नमुने थोडे होते आणि निवडून आलेले होते. पण आमच्या रिकाम्या रकान्याचा अर्थ ‘शोधलं नाही’ असा होता, ‘आजार नाही’ असा नव्हता, एवढं नक्की झालं.

छेदाचं महत्त्व या विषाणूच्या इतिहासातही दिसतं. १९५४ साली मॉरिस हिलमन आणि त्यांच्या सहकाऱ्याने अमेरिकी सैन्यातल्या नव्या भरतीच्या जवानांत श्वसनाच्या साथीमागे हाच विषाणू असल्याचं दाखवलं. एका बराकीत किती जवान झोपतात, कोण कधी आजारी पडलं, हे सैन्यात मोजलेलं असतं, म्हणून तिथली साथ स्वच्छ दिसली. प्रकार ४ आणि ७ विरुद्धच्या तोंडाने घ्यायच्या लसीच्या गोळ्या तिथे १९७१ पासून नियमित दिल्या जात. उत्पादन १९९६ मध्ये बंद झालं, साठा १९९९ पर्यंत संपला आणि भरती केंद्रांत आजार परतला. २०११ मध्ये लस पुन्हा सुरू झाल्यावर तो झपाट्याने खाली आला. सामान्य लोकांसाठी ही लस उपलब्ध नाही, वॉर्डातल्या मुलांसाठीही नाही. हे वाचताना मला दर वेळी हळहळ वाटते. ज्यांना या विषाणूने सर्वात जास्त धोका, ती मुलं लसीच्या यादीत कधी आलीच नाहीत.

आणि धोका खरा आहे. मॅडमनी मला सुरुवातीलाच न्यू जर्सीतली २०१८ ची घटना वाचायला लावली होती. दीर्घकाळ काळजी लागणाऱ्या, अनेकदा श्वासासाठी यंत्रावर अवलंबून असलेल्या मुलांच्या एका केंद्रात प्रकार ७ पसरला आणि ११ जण दगावले. धडधाकट मुलाला आठवडाभर तापवून सोडून देणारा हाच विषाणू. वाचून झाल्यावर त्या रात्री मी आमच्या तक्त्यातली ट्रॅकिओस्टॉमी असलेल्या (श्वासासाठी गळ्यात नळी बसवलेल्या) मुलांची नावं वेगळ्या रंगाने रंगवली.

प्रबंधाचा शेवटचा टप्पा चालू असताना आमच्याच रक्तविकार वॉर्डात चार मुलं पाठोपाठ पॉझिटिव्ह आली. चौघांचीही केमो चालू होती. पहिलं मूल दाखल होतानाच सर्दी घेऊन आलं होतं. सहा दिवसांनी दुसरं, आणखी चार दिवसांनी तिसरं. त्याच सुमारास चौथं, पाच वर्षांचा एक मुलगा, ज्याच्या मुक्कामाचा तो नववा दिवस होता.

मी वॉर्डाचा नकाशा काढला. खाटा मांडल्या, तारखा लिहिल्या, बाण काढले. पहिलं आणि तिसरं मूल खोलीच्या दोन टोकांना होतं. बाण जुळेना. सिस्टर माझ्या खांद्यावरून नकाशा पाहत होत्या. म्हणाल्या, “डॉक्टर, तुम्ही खाटा कशाला बघताय? खाटा जागच्या जागीच असतात. फिरतं काय ते बघा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी सात ते बारा मी वॉर्डाच्या दारापाशी वही घेऊन उभी राहिले. पल्स ऑक्सिमीटरचा एकच क्लिप बोटांवरून बोटांवर फिरत होता. बीपीचा छोटा कफ, थर्मामीटर, नेब्युलायझरचं यंत्र, आणि एक निळी खेळण्यातली गाडी, जी कुणाची होती ते कुणालाच माहीत नव्हतं. सगळ्यांनी काळजी घेतलेली होती. क्लिप दर वेळी अल्कोहोलच्या बोळ्याने पुसला जात होता. पण ॲडेनोव्हायरसला चरबीचं बाहेरचं आवरण नसतं. इन्फ्लुएन्झा किंवा कोरोनाचं आवरण अल्कोहोलने विरघळतं, याला विरघळायला आवरणच नाही. झटपट पुसण्याने तो सहज मरत नाही आणि कोरड्या पृष्ठभागावर काही आठवडे टिकू शकतो. नेत्रविभागात डोळ्याचा दाब मोजायच्या उपकरणांतून याच कुळातले विषाणू पसरल्याचं आम्ही शिकलेलो असतो, फक्त ते ज्ञान डोळ्यांच्या धड्यात राहतं, रक्तविकार वॉर्डात येत नाही.

त्याच दुपारी प्रत्येक आजारी मुलासाठी वेगळा क्लिप आणि वेगळा कफ ठरला. पृष्ठभाग हायपोक्लोराइटने (ब्लीचच्या द्रावणाने) पुसायचे, चौघांना एका बाजूला वेगळं ठेवायचं, आत जाताना गाऊन, हातमोजे, मास्क, आणि बाहेर येताना साबण-पाण्याने हात. सफाईच्या मावशींना मी कारण समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि दरवाज्याची मूठ दाखवून विचारलं, “ही पण ना?” ती मूठ माझ्या यादीत नव्हती. नवा रुग्ण त्यानंतर आला नाही. उपायांमुळे आला नाही की साखळी आपोआप तुटली, हे एका वॉर्डावरून सांगता येत नाही.

तिसऱ्या दिवशी चौथ्या मुलाच्या आईने मला जिन्यापाशी थांबवलं. दाखल व्हायच्या आठवडाभर आधी तिचे डोळे आले होते. लाल, चिकट, दोन्ही. तिला कुणीतरी सांगितलं होतं की हा विषाणू डोळ्यांतूनही येतो.

“माझ्यामुळे झालं का त्याला?”

तारखांच्या हिशोबाने ते शक्य होतं. वॉर्डातून होणंही शक्य होतं. तिचं मूल माझ्या मधल्या, लठ्ठ रकान्यात होतं. मी खरं तेच सांगितलं, की आत्ता कळत नाही, एक तपासणी बाकी आहे, ती झाली की मी स्वतः येऊन सांगेन. तिने मान हलवली. तिचे डोळे आता साफ होते, पण बोलताना ती हात पाठीमागे धरून उभी होती, जणू हातांनाच दोष लागला होता.

राखून ठेवलेले चौघांचे नमुने आम्ही टायपिंगसाठी पाठवले. विषाणूच्या कवचातलं मुख्य प्रथिन हेक्सॉन, त्याच्या जनुकाचा जो भाग प्रकारागणिक बदलतो तो वाचला की प्रकार कळतो. निकाल यायला बारा दिवस लागले. पहिल्या तिघांत प्रकार ३ होता. चौथ्या, पाच वर्षांच्या मुलाचा मात्र प्रकार २ निघाला.

मॅडम बराच वेळ त्या ओळीकडे पाहत होत्या. तिघांत एकच प्रकार म्हणजे एकाकडून दुसऱ्याला गेला, हेही पुरतं सिद्ध होत नाही, प्रकार ३ बाहेरही भरपूर फिरतो. त्यासाठी संपूर्ण जनुकसंच वाचावा लागला असता. पण चौथा त्या साखळीतला नव्हता, हे नक्की. आणि प्रकार २ हा क गटातला. या गटाचे विषाणू लहानपणीच्या पहिल्या संसर्गानंतर टॉन्सिल, ॲडेनॉइड आणि आतड्यातल्या लसीका पेशींत (प्रतिकारशक्तीच्या पेशींत) वर्षानुवर्षं गप्प बसू शकतात आणि प्रतिकारशक्ती खाली गेली की उठतात. हा विषाणू सापडला तोच मुळी असा. १९५३ मध्ये वॉलेस रो आणि सहकारी शस्त्रक्रियेने काढलेल्या मुलांच्या ॲडेनॉइडच्या पेशी काचेत वाढवत होते, आणि काही आठवड्यांनी त्या पेशी आपोआप नष्ट होऊ लागल्या. आजारी नसलेल्या मुलांच्या उतींत विषाणू लपून होता. त्याचं नावच ॲडेनॉइडवरून पडलं.

माझ्या तक्त्यात घरून आलेला, रुग्णालयातला आणि अनिश्चित असे तीन रकाने होते. त्याच्याच अंगात आधीपासून असलेला, असा रकाना मी केलाच नव्हता. त्या संध्याकाळी मी तो चौथा रकाना आखला आणि केमोवरच्या, प्रत्यारोपण झालेल्या सगळ्या रुग्णांच्या नोंदी पुन्हा तपासायला काढल्या. प्रबंध जमा करायची मुदत दोन आठवड्यांवर होती. मॅडमनी मुदतवाढीच्या अर्जावर न विचारता सही केली.

मग मी वॉर्डात गेले. मुलाच्या रक्तातल्या विषाणूचं प्रमाण दर आठवड्याला मोजलं जात होतं आणि दुसऱ्यांदा ते खाली आलं होतं. सिडोफोव्हिर हे विषाणूविरोधी औषध द्यायची तयारी ठेवली होती, पण ते मूत्रपिंडांना जड जातं, म्हणून डॉक्टर थांबले होते. आई खाटेपासून चार हात लांब, स्टुलावर बसली होती. सिस्टर म्हणाल्या, ती बारा दिवस तशीच बसते, रात्रीसुद्धा.

मी तिला बाहेर बोलावून सांगितलं. वॉर्डातल्या इतर मुलांचा प्रकार वेगळा आहे, त्यांच्याकडून हे आलेलं नाही. तुमच्या डोळ्यांची तपासणी तेव्हा झाली नव्हती, त्यामुळे त्याबद्दल शंभर टक्के कुणीच बोलू शकणार नाही. पण हा प्रकार डोळ्यांच्या साथींत सहसा दिसत नाही, आणि तो लहानपणी बहुतेक मुलांच्या शरीरात शिरून गप्प बसतो. बहुधा तो त्याच्यातच होता. औषधांनी प्रतिकारशक्ती उतरली तेव्हा जागा झाला.

तिने ते दोनदा ऐकलं. दुसऱ्यांदा मी अधिक सावकाश सांगितलं.

“म्हणजे मी त्याच्याजवळ झोपू शकते?”

मी तिला गाऊन बांधून दिला आणि बेसिनपाशी नेऊन साबणाने हात कसे, किती वेळ धुवायचे ते दाखवलं. ती सांगितल्यापेक्षा बराच जास्त वेळ हात धूत राहिली. मग आत गेली, स्टूल सरकवलं आणि खाटेच्या कडेला अंग टेकवलं. मुलगा झोपेतच तिच्या बाजूला वळला.